दगडांचं चालेल का?

आमच्याकडे मार्क मिळत नाहीत, पडतात.
"किती पडले?" सुळेकाकूंनी
गॅस बारीक करून दारातूनच विचारलं.
एकसष्ट, मी म्हणाले,
आणि पुढचे दशांशही सांगितले
सांडलेली चिल्लर वेचून द्यावी तसे.

मायक्रोबायोलॉजी ब्याऐंशीला बंद झालं.
दुसऱ्या यादीत ऐंशी पूर्णांक चार.
तिसरी लागली तेव्हा बाबांनी काचेवर बोट टेकवून
वरून खाली वाचली,
मग खालून वर,
डेपोत उभ्या बसगाड्यांचे नंबर तपासतात तशी.
शिपाई म्हणाला, काचेला हात लावू नका.

माटुंगा, पार्ले, चर्नी रोड, पुन्हा माटुंगा.
एक प्लास्टिकची फाइल,
तिच्यात मी नऊ वेळा झेरॉक्स झालेली,
दर प्रतीत थोडी अधिक काळी.

पार्ल्याला टपरीवर एक माणूस भेटला.
जागा आहे, म्हणाला. दीड लाख. उद्यापर्यंत.
बाबांनी त्याच्याही चहाचे पैसे दिले
आणि सिग्नल येईस्तोवर गप्प चालले.
मग म्हणाले,
"फार पांढरे बूट होते गं त्याचे."

त्या आठवड्यात आईचं पिकोचं मशीन
रात्री दीडपर्यंत चालायचं.
कुणाच्या लग्नाची घाई आहे, मी विचारलं नाही.
भिंतीकडे तोंड करून
मी पेपरातला तो प्रश्न आठवत राहिले
जो मला येत होता
आणि जो मी पान उलटायचं राहिल्यामुळे सोडला.

फोर्टातल्या त्या कॉलेजात
आम्ही खरं तर पाणी प्यायला शिरलो.
कूलर बंद होता. खिडकी क्रमांक चार उघडी होती.
आत मस्करेन्हस बाई, चष्म्याला दोरी,
डबा खाता खाता माझी मार्कशीट बघत होत्या,
लोणच्याचं बोट लागणार नाही अशी, कडेने धरून.
"मायक्रो नाही. केमिस्ट्री नाही. झूलॉजी, अं... नाही."
मग एक वही काढली, कॉम्प्युटर नव्हे, वही,
आणि मान वर न करता म्हणाल्या,
"दगडांचं चालेल का?"

नववीत गणिताच्या सरांनी
अख्ख्या वर्गासमोर मला दगड म्हटलं होतं.
मी बाबांकडे पाहिलं.
बाबा हसू दाबत होते.
पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

भूगर्भशास्त्र. वीस जागा, तेरा रिकाम्या.
चालेल, मी म्हणाले. पळेल, बाबा म्हणाले.
बाईंनी शिक्का दोनदा मारला, पहिला उमटलाच नाही.

आता दर मंगळवारी प्रॅक्टिकल.
गुंजाळ सर हातात काळा खडक देतात
आणि म्हणतात, आधी वजन बघा, नाव नंतर.
एकदा त्यांनी हातोडीने एक फोडला.
लाव्हा निवताना आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे,
ती भोकं तशीच राहिलेली,
आणि एका भोकात, सुईच्या टोकाएवढे,
पांढरे स्फटिक.
"रिकाम्या जागा," सर म्हणाले, "भरायला फार वेळ लागतो."
बाजूचा रेहान म्हणाला, किती मार्कांना, सर?

मला अजूनही कधी कधी
त्या दुसऱ्या कॉलेजवरून बस जाते तेव्हा
पांढरा कोट घातलेल्या मुली दिसतात.
मी मान फिरवत नाही.
बघते. मोजतेही.
एखादी कमी असेल का, असंही वाटतं.

"पुढे काय यात?" सुळेकाकू विचारतात.
पुढे नाही काकू, खाली.
तुमच्या ओट्याखाली, नळाखाली, या सगळ्या बिल्डिंगीखाली
सहा-साडेसहा कोटी वर्षं.
काकू जमिनीकडे बघतात
आणि पाय जरा उचलून ठेवतात.

तो फुटलेला खडक मी मागून आणलाय.
पंखा लावला की पिकोच्या पावत्या उडायच्या.
आई आता त्यांच्यावर तो ठेवते,
स्फटिकांची बाजू वर करून.